खुर्चीला मिळालेला होकार

मित्रांनो, मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. आम्ही जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला लागलो की आधी आपला थाट सांगतो. मीही सांगणार आहे, कारण थाट होता. पण तो सांगताना माझी मान खाली जाते, हे आधीच कबूल केलेले बरे.

माझा जन्म देवासचा. सरदारपूरच्या छावणीत साहेबलोकांकडे घडी होणाऱ्या खुर्च्या असत. त्या एका सुताराने पाहिल्या आणि तसेच मला घडवले. सागवान त्याने स्वतः निवडले, पितळी बिजागऱ्या बसवल्या, वेताची बैठक विणली. हातांच्या टोकांना त्याने मोराची चोच कोरली. तिचा तसा उपयोग काही नव्हता, पण बसणाऱ्याचा हात बरोबर तिच्यावर जाई आणि तो उगाच ताठ होऊन बसे.

धारच्या पलीकडे एक लहानसे ठिकाण, म्हणजे जहागीर, होते. नकाशात शोधायला गेलात तर मिळायचे नाही, पण रुबाब मोठ्या संस्थानाचा. तिथल्या सरकारांच्या मनात आले की आपल्याकडेही कायदे चारचौघांच्या विचाराने व्हावेत. त्यांनी जाणत्या मंडळींची एक सभा नेमली, प्रत्येकाला काही गावे नेमून दिली आणि मानाची म्हणून एकेक खुर्ची दिली. गावोगाव फिरून नवे कायदे लोकांना समजावून सांगायचे, त्यांची गाऱ्हाणी ऐकायची आणि लोक काय म्हणतात ते सभेत येऊन सांगायचे, असे त्यांचे काम. त्या काळी दरबारात खुर्ची मिळणे ही काही लहानसहान गोष्ट नव्हती. बाकीचे सतरंजीवर बसत, नाहीतर उभे राहत.

मी नीलकंठपंतांच्या वाट्याला आले. त्यांचे पणजोबा दक्षिणेतून सरकारांच्या घराण्याबरोबर माळव्यात आले होते, आणि तेव्हापासून घरात दरबारची चाकरी. पंत पापभीरू माणूस. मी घरी आले त्या दिवशी त्यांच्या पत्नी जानकीबाईंनी मला हळदकुंकू वाहिले आणि गल्लीत पेढे वाटले. कोणी पाहुणा चुकून माझ्यावर टेकू लागला तर त्या गोड बोलून त्याला पाटावर बसवत. मला तेव्हा त्याचे फार कौतुक वाटे.

मग आमचे दौरे सुरू झाले. बैलगाडीत मला पाय मिटून ठेवत, आणि गावात पोचले की पाटलाच्या निंबाखाली उघडून मांडत. पंत माझ्यावर बसत. लोक समोर जमिनीवर. पंत मोठ्या हौसेने सांगत की सरकारांनी आता वजनेमापे एकसारखी केली आहेत, लेकरांना देवी टोचून घेणे सक्तीचे केले आहे, रस्त्याकडेची झाडे तोडायला बंदी केली आहे. नंतर गाऱ्हाणी ऐकत. खेरवास नावाच्या गावात त्यांनी गाळाने भरलेली बावडी उपसून दिली, औषधांची पेटी आणून ठेवली. शेवटी ते न चुकता विचारत, कोणाची काही हरकत आहे का? समोरून सगळे एका सुरात म्हणत, "हाव हुकुम." हाव म्हणजे होय, आणि हुकुम म्हणजे मालक. ते ऐकून पंत खूश होत आणि मीही आतल्या आत फुगत असे.

एके वर्षी सभेत नवा कायदा निघाला. गावोगावची चरणोई, म्हणजे गाईगुरे चरायची मोकळी जमीन, दरबारच्या घोड्यांच्या गवतासाठी राखून ठेवायची. खेरवासची चरणोई नदीकाठची, हिरवीगार; गावाचे सगळे दूधदुभते तिच्यावर. पंतांच्या मनाला ते पटले नाही. त्यांनी अदबीने सुचवले की आधी रयतेला विचारून पाहावे. सरकार म्हणाले, विचारा की. गाव राजी नसेल तर तिथे हा कायदा लावणार नाही. मित्रांनो, इतके सोपे होते. खेरवासने एकदा नाही म्हटले असते तर चरणोई वाचत होती.

पंत मुद्दाम खेरवासला गेले. माझ्यावर बसून त्यांनी कायदा नीट समजावून सांगितला, काहीएक लपवले नाही. मग विचारले, "कोई की हरकत होय तो बोलो." पुढच्या रांगेत धापूबाई नावाची एक म्हातारी बसली होती. तिची एकच गाय, नुकतीच व्यालेली. तिने पदर सावरला, माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. मग पाटील म्हणाला, "हाव हुकुम." मागून सारे गाव म्हणाले, हाव हुकुम.

पंतांना नवल वाटले, पण बरेही वाटले. घरी जानकीबाईंनी विचारले की गाव इतक्या सहज कसे राजी झाले. पंत म्हणाले, मी स्वतः विचारले, सगळ्यांनी होय म्हटले, आणखी काय करायचे? सभेत त्यांनी तेच सांगितले. कायदा झाला. नदीकाठी काटेरी कुंपण पडले.

उन्हाळ्याच्या तोंडाला धापूबाई पायी चालत पंतांच्या दारी आली. गाय सवयीने नदीकडे गेली होती, दरबारच्या शिपायाने ती कोंडवाड्यात घातली होती आणि ठिकाणाच्या हुकमावाचून तो सोडत नव्हता. वासरू घरी बांधलेले. त्याने दुधाविना पाय झाडून त्याच सकाळी प्राण सोडला होता. हे तिने रडून सांगितले नाही. ओसरीच्या पायरीखाली उभी राहून नुसते सांगितले.

पंतांचा चेहरा उतरला. तरी ते म्हणून गेले, "पण धापू माँ, मी विचारलं होतं. तुम्ही सगळे हाव म्हणालात."

म्हातारीने त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिले. "हुकुम, खुरसी का सामे कोन बोले? हमने तो खुरसी के हाव कयो थो, तमारे नी."

मित्रांनो, सुताराच्या पटाशीने मला इतके दुखले नव्हते. खुर्चीसमोर बोलायचे नसते, ही त्या मुलखाची रीत. उंच बसलेल्या माणसाने काही विचारले तर हाव म्हणायचे, ते मान देणे झाले. राजी असणे वेगळे. पंतांना ही रीत ठाऊक नव्हती असे कसे म्हणू? आतून जानकीबाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही तरी सरकारांसमोर आजवर कधी नाही म्हणालात?" चार पिढ्या गादीसमोर जी सरकार, जी सरकार करणारे ते घराणे. आपण निंबाखाली बसतो ती खुर्चीही कोणासाठी तरी गादीच असते, हे मात्र त्यांच्या ध्यानात आले नव्हते. ते धापूबाईच्या नजरेला नजर देऊ शकले नाहीत. मला तर पापण्या नाहीत, नाहीतर मीही डोळे मिटून घेतले असते.

पंतांनी धावपळ करून गाय सोडवली. मग ते पुन्हा खेरवासला गेले. या खेपेला त्यांनी मला गाडीतच ठेवले आणि ते जमिनीवर बसले. लोकांची पंचाईत झाली. साहेब खाली बसलेले, तर आपण कुठे बसावे? सगळे उभेच राहिले. पाटलाने काकुळतीने विचारले, "हुकुम, खुरसी लई आवां?" पंत म्हणाले, नको, आणि तसेच बसून राहिले. कितीतरी वेळाने धापूबाई त्यांच्यासमोर बसली. मग पाटील बसला. आणि मग जी तोंडे उघडली ती दिवस कलेपर्यंत मिटली नाहीत. तो कायदा एकालाही नको होता. गाडीत पडून मी सगळे ऐकत होते.

पुढच्या सभेत पंत माझ्यावरून उठले. मोराची चोच त्यांनी घट्ट धरली होती, ती सोडली. "सरकार, मी दिलेली खबर खोटी होती," ते म्हणाले. "गावाने होकार मला दिला नाही, या खुर्चीला दिला."

सरकार माणूस वाईट नव्हते. ते विचारात पडले. खेरवासची चरणोई मोकळी करा, असा हुकूम त्यांनी तिथल्या तिथे दिला. मग इतर सभासदांकडे वळून विचारले की तुमच्या गावांचेही असेच झाले असेल काय? ओळीने बसलेल्या माझ्या बहिणी मला दिसत होत्या, आणि त्यांच्यावर ताठ बसलेली मंडळी. एकाने दुसऱ्याकडे पाहिले. मग सगळे म्हणाले, "जी नाही, सरकार. आमची गावं राजी आहेत." बाकी सगळ्या गावांत कुंपणे तशीच राहिली.

पंतांनी सभा सोडली. मला घरी ठेवणे त्यांना सोसेना. त्यांनी मला खेरवासला आणून धापूबाईच्या अंगणात सोडले आणि सांगितले, हिच्यावर काहीही ठेव, माणूस मात्र बसवू नको. तिने माझ्यावर पाण्याचा माठ ठेवला. येणारा जाणारा पाणी पिई आणि माझ्यासमोर उभा राहून वाट्टेल ते बोले. पाटलाला शिव्या, जावयाच्या कागाळ्या, कधी सरकारांच्या नकला. माझा वेत भिजून काळा पडला, बिजागऱ्या हिरव्या झाल्या. तेच माझे सुखाचे दिवस.

मागच्या महिन्यात नवे सभासद विश्वासराव दौऱ्यावर आले. त्यांची स्वतःची खुर्ची वाटेत मोडली होती. गावात दुसरी खुर्ची कुठली? पाटील धावत अंगणात आला. माठ खाली उतरवला, मला पुसले, निंबाखाली मांडले. विश्वासराव बसले, मोराच्या चोचीवर हात ठेवून ताठ झाले आणि कायदा सांगू लागले. कायदा चरणोईचाच होता. शेवटी त्यांनी विचारले, कोणाची काही हरकत?

मी धापूबाईकडे कान लावून होते. ती पुढेच बसली होती. तिने पदर सावरला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "हाव हुकुम."

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी विनवतात की आम्हाला जपा, तेलपाणी करा, टाकून देऊ नका. माझे तसे काही मागणे नाही. माझा वेत पुन्हा विणू नका, बिजागऱ्यांना तेल घालू नका. धापूबाईचा माठ अजून तिच्या अंगणात भिंतीशी जमिनीवर ठेवलेला आहे. तुमच्यापैकी कोणीतरी जा, आणि तो उचलून पुन्हा माझ्यावर ठेवा.