चौकटीतला शब्द

नवरा, श्यामसुंदर, गेल्यापासून त्याचा कॉम्प्युटर बंदच होता. दिवाळी उलटल्यावर सुनीतीने बटण दाबलं. काळा पडदा. मधोमध चौकट: पासवर्ड.

केदार.
चूक.

कर्वेनगर.
चूक.

त्याच्या बँकेच्या शाखेचं नाव.
चूक, आणि सगळं थिजलं. पुन्हा बटण. पुन्हा चौकट.

(शेजारची मुलं येऊन गेम खेळायची, म्हणून त्याने हे कुलूप घातलं होतं. रोज सकाळी तो एक शब्द टाइप करायचा. तिला मागून नुसत्या चांदण्या दिसायच्या.)

एकच शब्द तिने टाकून पाहिला नव्हता.
स्वतःचं नाव.

उभ्या संसारात त्याने तिला नावाने हाक मारली नाही. अगं. ऐकलंस का. पाहुण्यांसमोर, "आमच्याकडे विचारून सांगतो."
तोंडाने नाही. पण बोटांनी?
टाकलं आणि चूक आलं तर?

रविवारी मुलगा आला. केदार, हिंजवडीत नोकरीला.
"आई, लॉटरी लागायची वाट बघतेयस का? आतली बॅटरी काढतो. पासवर्डचा प्रश्नच मिटेल."
"म्हणजे उघडेल?"
"उघडेल."

तिला हायसं वाटलं. उघडल्यावर आत कुठेतरी तो शब्द लिहिलेला असणार. आपण विचारायला नको, चुकायला नको. नुसतं वाचायचं.

केदारने डबा खोलला. रुपयाएवढी बॅटरी नखाने उचकटली, चहा होईपर्यंत बाहेर ठेवली, बसवली. सुरू होताना एक बटण दाबून धरलं. चौकट आलीच नाही. निळा पडदा आला. तारीख कधीची तरी जुनी. तो ती बदलू लागला.

सुनीतीने चष्मा लावला. वरपासून ओळ न ओळ वाचली.
"कुठेय?"
"काय?"
"बाबांचा शब्द."
"पुसला गेला. बॅटरी काढायची ती त्यासाठीच."
"बघायला नाही मिळत?"
"बघायला मिळाला तर त्याला पासवर्ड कोण म्हणेल?"

तो वेळ भरत होता. तास. मिनिटं.

"केदार, ती आधीची बॅटरी परत घातली तर?"

तो हसणार होता. तिच्याकडे बघितलं आणि हसला नाही.

"तीच घातलीय, आई."