रोल्लाच्या फूटपाथवरचा बाक

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो, आणि जुना म्हणजे नुसता नावापुरता नव्हे! राणी व्हिक्टोरियाच्या राज्यात मुंबईत माझे बिडाचे पाय ओतले आणि त्यांवर सागवानी फळ्या ठोकल्या. फोर्टात एका चहाच्या दुकानाबाहेर मला मांडलं. संध्याकाळी कारकून माझ्यावर दाटीवाटीनं बसत, साहेबाच्या चालीची हुबेहूब नक्कल करत आणि हसता हसता बशीतला चहा सांडत. तो थाट मी पुरेपूर भोगला आहे.

पुढे माझ्या आताच्या मालकिणीच्या, रत्नागिरीच्या मैमुनाबीच्या, सासऱ्यांनी मला लाँचमधून शारजाला आणलं. तिथल्या रोल्ला भागात त्यांच्या कॅफेटेरियाबाहेर फूटपाथवर जो ठाण मांडून बसलो, तो आजतागायत. नव्वद सालानंतर ऑफिसांतली मराठी मंडळी गुरुवारी संध्याकाळी माझ्यावर जमू लागली. सगळ्यांना तेव्हा एकच घोर, ड्रायव्हिंग लायसन्सचा. नापास झालेल्यानं मधोमध बसायचं आणि आपली फजिती सांगायची, असा शिरस्ताच पडला होता. सतीशनं तर कमाल केली. इथं गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, पण मुंबईच्या सवयीनं तो उजवं दार उघडून आत शिरला आणि थेट परीक्षा घेणाऱ्या पोलिसाच्या मांडीवर बसला. टेस्ट तिथंच खलास. ते ऐकून मंडळी अशी गदगदा हसली, की माझी एक फळी निखळली. मला त्याचं काही वाटलं नाही.

मग एकेकाला लायसन्स मिळालं, दारात गाड्या आल्या. मंडळी रस्त्यातूनच हॉर्न देऊ लागली. चहा खिडकीतून आत जाई आणि ‘यल्ला, चला’ म्हणत गाडी निघून जाई. माझ्यावर दुधाचे रिकामे क्रेट येऊन पडले. फार लागलं हो मनाला. शेवटी मैमुनाबीनं भंगारवाल्याला निरोप धाडला.

तो येणार त्याच दुपारी सतीशनं हॉर्न दिला. शेजारी त्याची बायको वीणा डोळ्यांत पाणी घेऊन बसली होती. शहराबाहेरच्या हमरिया फ्री झोनमधली, कारखान्यांच्या वसाहतीतली, नोकरी तिच्या हाताशी आली होती, पण लायसन्सशिवाय ती मिळणार नव्हती. आणि ती पुन्हा नापास झाली होती. आता टेस्टचं नाव काढायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं. आपण पहिल्याच फटक्यात पास झालो, अशी फुशारकी सतीशनं लग्न झाल्यापासून मारली होती, तीच तिला जास्त जाचत होती. मैमुनाबी चहा घेऊन आली, तेव्हाही मॅडम परत नापास झाल्याचं त्यानं हसत हसत सांगितलं.

मैमुनाबीनं चहा खिडकीत दिलाच नाही. क्रेट खाली उतरवून तिनं ग्लास माझ्यावर ठेवले.

"उतरा दोघं," ती म्हणाली. "सतीशभाऊ, नापास झालेल्यानं कुठं बसायचं, ते बायकोला सांगितलं नाहीत वाटतं?"

सतीशचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तो मुकाट्यानं उतरला, मधोमध बसला आणि पोलिसाच्या मांडीसकट सगळं सांगून मोकळा झाला. वीणा आधी त्याच्याकडे रोखून पाहत राहिली. मग तिला असं हसू फुटलं, की चहा ओढणीवर सांडला.

"अहो, मांडीवर?" एवढंच तिला म्हणता आलं. थोड्या वेळानं डोळे पुसून ती म्हणाली, "मी पुढची तारीख घेते."

भंगारवाला आला, माझ्यावर माणसं बसलेली पाहून आल्या पावली परत गेला. वीणा पास झाली, त्या दिवशी स्वतः गाडी चालवत आली, हॉर्न न देता उतरली आणि माझ्यावर ऐसपैस बसली.

मित्रांनो, तुमच्याही गल्लीत एखादा बाक असेल. त्याला रंग द्या, खिळे ठोका, सगळं करा. पण त्याआधी हरून आलेल्या कुणाला तरी हाताला धरून आणा आणि त्याच्या शेजारी बसा.