धुतलेले दगड

ज्ञानदाची कंत्राटी नोकरी गुरुवारी दुपारी चारला गेली. पण ते सोडा, तसं काही झालंच नाही असं धरून चालू.

तर गुरुवारी तीन वाजता ज्ञानदा बारकोडचा गठ्ठा घेऊन नवा रायपूरच्या भूविज्ञान भांडारात शिरली. तीनशे बारा दगडांची नोंद तिनं संगणकात केली होती. आता दगडावरचा नंबर बघून त्याचा बारकोड त्यावर चिकटवायचा, एवढंच उरलं होतं. साहेब चारला तपासायला येणार होते. सगळं जुळलं तरच तिचं कंत्राट वाढणार होतं.

दगड भांडाराच्या गच्चीवर पापडांसारखे वाळत होते. चकाचक. एकावरही नंबर नव्हता.

"मारोतीभाऊ, नंबर कुठं गेले?"

"साहेब येऊन राहिले न, दीदी," चौकीदार मारोतीभाऊ अभिमानानं म्हणाले. "कोण्या पोट्ट्यानं पेनानं गिचमीड केली होती. दोन दिवस घासलं, तवा निघाली."

"काहून घासलं हो?"

"दिवाळीले घर नाही घासत का?"

तेवढ्यात साहेबांच्या ड्रायव्हरचा फोन आला. "मॅडम, साब तेलीबांधा चौक पार कर गए, आधे घंटे में पहुँचेंगे."

तिनं एक काळा दगड उचलला, मग दुसरा. दोघंही सारखेच निर्विकार. मारोतीभाऊंनी मदत म्हणून सगळे उंचीप्रमाणे रांगेत लावले.

गेटवर हॉर्न वाजला. तिनं कागद ओढून लिहिलं:

"महोदय, सदर नमुने अडीचशे कोटी वर्षं थांबले असून त्यांना घाई नाही. तरी ते आपली ओळख स्वतः लेखी कळवेपर्यंत अर्जदाराच्या कंत्राटास मुदतवाढ मिळावी, ही नम्र विनंती."