साकोलीचा केंड आणि गोगलगाय

मित्रांनो, मी एक बोटाएवढा केंड आहे. केंड म्हणजे फुगा मासा. घाबरलो की पाणी पिऊन चेंडूसारखा गोल होतो. माझा एक डोळा पुढे बघत असतो तेव्हा दुसरा खुशाल मागे फिरतो. हे सगळं आधीच सांगून टाकतो, कारण माझी ओळख कोणी अर्धवट करून दिलेली मला खपत नाही.

माझा जन्म समुद्रातल्या प्रवाळांमध्ये झाला. मुक्काम मात्र साकोलीला, मोनाच्या घरी, समोरच्या खोलीतल्या काचेच्या टाकीत. आपल्या भंडारा जिल्ह्यात तलावांना तोटा नाही, पण ते सगळं गोडं पाणी. माझ्यासाठी मोना खास मीठ कालवते आणि यंत्राने खारटपणा मोजते. एका माशासाठी घरात समुद्र! असा थाट तलावातल्या रोहू-कतल्याच्या नशिबी कुठला?

शेजारचे श्रावणभाऊ मला पहिल्यांदा बघायला आले आणि मिशीवर हात फिरवत म्हणाले, "याचा रस्सा कसा लागन?"

"जहर हाय त्याच्या अंगात," मोनाच्या सासूबाई, सत्यभामाबाई, म्हणाल्या. "नजर नोको टाकू."

त्या दिवशी मी टाकीत ऐटीत चार फेऱ्या जास्तच मारल्या.

सत्यभामाबाई मूळच्या एकोडीच्या. त्यांच्या घरची रीत अशी, की पाहुण्याच्या ताटात खेकड्याची अख्खी नांगी वाढायची नाही. घरच्यांनी ती पाट्यावर फोडायची आणि आतलं मांस काढून वाढायचं. मी तर थेट समुद्रातून आलेला पाहुणा! मोना सकाळीच कामावर जायची, म्हणून मला भरवायचं काम त्यांनी हौसेने आपल्याकडे घेतलं. कोळंबी सोलून, खेकडा फोडून, मऊ मऊ तुकडे त्या चिमट्याने माझ्या तोंडाशी धरत. मी राजासारखा खात होतो. इतके लाड माझ्या साऱ्या खानदानात कोणाचे झाले नसतील.

पण मित्रांनो, आम्हा केंडांचे दात जन्मभर वाढत राहतात. कठीण कवचं फोडली तरच ते झिजतात. माझे झिजेचनात. हळूहळू ते एवढे लांबले की तोंड नीट मिटेना. तुकडा पकडला की निसटून खाली पडायचा. पोट खपाटीला गेलं. समोर जेवण असून मी उपाशी होतो. खरं सांगतो, फार घाबरलो होतो.

मोनाने नागपूरच्या मासे विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, तोंड उघडतंय तोवर कवचासकट खायला द्या, नाहीतर मासा जगणार नाही.

"आई, आता सोलाचं नाई. कवचासंग द्याचं," मोना म्हणाली.

"कवचासंग? पावना हाय तो आपला!" सत्यभामाबाईंना पटेना. मग त्या काचेजवळ आल्या, माझं तोंड त्यांनी नीट पाहिलं. "म्हंजे मीच त्याले उपाशी मारून राहिली काय व?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी तलावातल्या बारीक गोगलगायी मागवल्या, स्वच्छ धुतल्या आणि एक चिमट्यात धरली. "खा रे राजा. मी फोडून देली असती, पन तुलेच फोडा लागते."

मी चावलो. कवच सटकलं. पुन्हा चावलो, दात दुखले. पण आमच्यात माघार घ्यायची पद्धत नाही. सगळा जीव जबड्यात आणून चावलो आणि कडाड्! कवच फुटलं.

आवाज काचेबाहेरही गेला. "मोना, आयकलं काय व? फोडलं त्यानं!" सत्यभामाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि लगेच दुसरी गोगलगाय उचलली.

आता माझे दात झिजून झकास झाले आहेत. घरी कोणी आलं की सत्यभामाबाई टीव्ही बंद करायला लावतात, सगळ्यांना गप्प बसवतात, आणि मी कवच फोडून दाखवतो. मिशीवर हात फिरवणारे श्रावणभाऊसुद्धा हल्ली वाहवा करतात.

मित्रांनो, एवढं माझं ऐका. मला फुगवण्यासाठी काचेवर टकटक करू नका; भीती वाटल्याशिवाय मी फुगत नाही. आणि मासा असो की मांजर, घरी आणलंत तर जीव जरूर लावा. फक्त जे काम त्याच्या दातांचं आहे, ते त्याच्याच दातांना करू द्या.