एक तास मागे

माझा जबाब लिहून घ्या. नाव व्हीसीआर. वय सात वर्षं. राहणार फ्रीमाँट, कॅलिफोर्निया, श्रीराम आणि विनीता यांच्या दिवाणखान्यात, टीव्हीच्या खाली. सध्याचा मुक्काम गॅरेजमध्ये, एका पुठ्ठ्याच्या खोक्यात. जबाब कसा द्यायचा हे मला त्र्यंबक आजोबांचं ऐकून ऐकून कळलं. गुन्हा मात्र माझा मी केला.

२००१ साली श्रीरामनं मला दुकानातून आणलं. समोरच्या फळीवर डीव्हीडीवाले ऐटीत बसले होते आणि माझ्याकडे फारसं कुणी फिरकत नव्हतं. श्रीराम थांबला तो माझ्या खोक्यावरच्या एका ओळीपाशी. घड्याळ आपोआप लावतो. अमेरिकेत वसंतात सगळी घड्याळं तासभर पुढे करतात आणि थंडी यायच्या आधी पुन्हा मागे आणतात. घरातली आठ-दहा घड्याळं फिरवत बसायचं म्हणजे कंटाळाच. मला ते कारखान्यातच शिकवलं होतं. एप्रिलचा पहिला रविवार आला की एक तास पुढे. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला की एक तास मागे.

"चला, एक कटकट कमी," श्रीराम म्हणाला.

तेव्हापासून मला गर्व चढला. शेजारच्या घरातला माझा भाऊबंद वर्षानुवर्षं बारा वाजवून लुकलुकत बसलेला असे. माझे हिरवे आकडे कधी चुकले नाहीत. श्रीराम-विनीताची मुलगी आश्लेषा शाळेला निघताना मनगटावरचं घड्याळ माझ्यावरून लावायची. एखाद्याला इतकी वर्षं सगळे बरोबर म्हणत राहिले, की तो स्वतःला पुन्हा तपासून बघत नाही. माझं तसंच झालं.

२००६च्या सप्टेंबरात श्रीरामचे वडील, त्र्यंबक आजोबा, सहा महिन्यांसाठी राहायला आले. वर्धा जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्यात ते सव्वीस वर्षं रायटर होते. म्हणजे फिर्यादी आणि साक्षीदार बोलणार आणि हे लिहून घेणार. त्यामुळे असेल, पण त्यांना एकदा सांगितलेलं पुरत नसे. गॅस बंद केला का, हे तीनदा. दाराला कडी लावली का, हे तीनदा. जेवायला बसलं की, "आशू, कॉम्प्युटर सोडून इतिहास घेतलास, पुढे काय?" हेही रोज. आश्लेषा तेव्हा एकोणीस वर्षांची होती. कॉलेजच्या होस्टेलवर राहायची आणि शनिवार-रविवार घरी यायची.

"आजोबा, आय आन्सर्ड धिस येस्टरडे."

"काल सांगितलं ते मला पटलं नाही. आज पटतं का बघू."

ती ताट घेऊन उठून जायची. खरं सांगतो, मीही तिच्याच बाजूचा होतो. म्हाताऱ्यांना वाटतं की पुन्हा विचारलं म्हणजे काळजी घेतली. ऐकणाऱ्याला वाटतं की आपल्यावर विश्वास नाही. बहुतेक वेळा ऐकणाऱ्याचंच खरं असतं.

तह व्हायचा तो फक्त शनिवारी संध्याकाळी सात वाजता. लोकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या वाहिनीवर तेव्हा एक इंग्लंडमधली मालिका लागायची. एवढंसं गाव, एक चर्च, एक पब, एक पोस्ट, दारोदारी गुलाब, आणि आठवड्याला एक खून. कायम सर्दी झालेला एक इन्स्पेक्टर सायकलवरून तपास करायचा. आजोबा खाली उमटणारी अक्षरं वाचत बघायचे आणि त्यांचं तोंड काही थांबायचं नाही.

"आमच्या ठाण्याच्या हद्दीत सत्तर गावं होती. वर्षाला चार खून, तेही बांधावरून. इथं एका गावात दर शनिवारी एक! माणसं उरली कशी?"

"इट्स फिक्शन, आजोबा!"

"असू दे ना. पण पंचनामा? प्रेताशेजारी उभा राहून चहा पितोय बघ हा. त्याच कपावर ठसे होते ना, बाप्पा!"

आश्लेषा हसून सोफ्यावरून खाली घसरायची. शेवटची पंधरा मिनिटं उरली की आजोबा हात वर करायचे. "थांब. चिठ्ठी." दोघं खुन्याचं नाव कागदावर लिहून, घडी घालून माझ्या डोक्यावर ठेवायची. हरेल त्यानं भांडी घासायची. मी खाली बसून सगळं टेपवर घ्यायचो. एवढ्या शनिवारांत त्या दोघांचं भांडण माझ्या कानावर एकदाही आलं नाही.

२००७च्या मार्चमध्ये मालिकेची शेवटची गोष्ट लागली, दोन भागांची. गावच्या भोपळ्यांच्या प्रदर्शनाचा परीक्षक तंबूत मेलेला सापडतो. संशय डॉक्टरवर, पाद्र्याच्या बायकोवर आणि माळ्यावर. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिकेनं परीक्षकाला साडेचार वाजता जिवंत पाहिलेलं असतं, म्हणून सगळा तपास साडेचारनंतरचा. पहिला भाग संपला, तशा दोघांनी चिठ्ठ्या लिहून माझ्या डोक्यावर ठेवल्या. पुढच्या शनिवारी वाहिनीनं वर्गणी मागायचा कार्यक्रम ठेवला होता, म्हणजे दुसरा भाग सतरा तारखेला. आजोबांचं विमान नऊ तारखेचं होतं.

"दोन्ही चिठ्ठ्या इथंच राहू देत," आजोबा म्हणाले. "तू शेवट बघ, मग उघड. मी रविवारी फोन करीन."

"प्रॉमिस. रेकॉर्ड करते आणि बघते."

निघायच्या दिवशी तिनं माझ्यावर सतरा तारीख आणि सातची वेळ लावली. आजोबा स्वेटर घालून माझ्यासमोर उभे राहिले.

"आशू, याचं घड्याळ एकदा बघून घे. वेळ बदलायचा कायदा यंदा बदललाय. एप्रिलऐवजी मार्चमध्येच. पेपरात आलंय."

"ते ऑटोमॅटिक आहे, आजोबा."

"अगं पण याला कोण सांगेल कायदा बदलला म्हणून?"

"इट जस्ट नोज!"

बुटांच्या नाड्या बांधून झाल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं. बॅग उचलताना तिसऱ्यांदा.

"ओ माय गॉड, आजोबा! प्रत्येक गोष्ट तीन-तीनदा! तुम्हाला सोडून जगात कुणाला काही कळतच नाही का?"

आजोबा बॅग घेऊन दाराकडे वळले. मी मनात टाळ्या वाजवल्या. म्हटलं, बरं झालं. मला शिकवायला निघाले होते.

अकरा मार्चला देशभरातली घड्याळं तासभर पुढे गेली. माझं नाही गेलं. मला कारखान्यात एप्रिल सांगितला होता आणि मी एप्रिलचीच वाट बघत बसलो. विनीता वेळ बघायची ती मायक्रोवेव्हवर, श्रीराम फोनवर. माझ्याकडे आता कुणी बघतच नव्हतं. सतरा तारखेला माझ्यावर सात वाजले, तेव्हा जगात आठ वाजले होते. मी इमानदारीत सुरू झालो आणि तासभर जे आलं ते टेपवर घेतलं.

आश्लेषा त्या संध्याकाळी मैत्रिणींबरोबर कॉलेजच्या कुठल्याशा निदर्शनाला गेली होती. रविवारी सकाळी सात वाजता पायजम्यातच खाली आली, चहा घेऊन बसली आणि तिनं मला चालू केलं. पडद्यावर एक गृहस्थ गुलाबाची छाटणी कशी करावी ते शिकवू लागले. तिनं टेप पुढे नेली. छाटणी. आणखी पुढे. खत. तिनं माझ्या हिरव्या आकड्यांकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. तिच्या हातातला कप तसाच राहिला.

आठ वाजता फोन वाजला आणि तिनं स्पीकर चालू केला.

"हं, आशू! कोण निघाला मग?"

एवढंच म्हणायचं होतं की आजोबा, घड्याळाचं तुमचं खरं होतं. पण ते वाक्य तिला म्हणवेना. मी तिच्या जागी असतो तर मलाही जमलं नसतं. म्हाताऱ्या माणसाला जिंकवून टाकलं की तो पुढचं विचारत नाही, असं तिला वाटलं असणार.

"तुम्ही जिंकलात, आजोबा!"

"मी?"

"येस! तुमचंच बरोबर होतं. जीनियस आहात तुम्ही."

"चिठ्ठी उघडलीस?"

"उघडली ना."

"बरं. मजा आली बघताना?"

"खूप."

"मग झालं. नाश्ता केलास का?"

फोन ठेवल्यावर तिनं माझ्या डोक्यावरची चिठ्ठी उचलली. आजोबांचं ठाण्यातलं अक्षर, सुटं आणि सरळ. "मला नाही ओळखता आला. तू बघ आणि सांग."

ती माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि बराच वेळ तिथून उठली नाही. ज्या माणसानं जन्मभर लोकांचं खरं-खोटं ऐकून लिहून घेतलं, त्याला आपण काय सांगून बसलो हे तिला कळलं होतं. मलाही कळलं होतं. आणि मी काय केलं? एक एप्रिलला, काही झालंच नाही अशा थाटात, गुपचूप तासभर पुढे सरकलो. पुन्हा बरोबर झालो.

त्यानंतर आजोबांचा फोन आला की आश्लेषाची परीक्षा असायची, नाहीतर डोकं दुखायचं. आजोबांनी त्या मालिकेचा विषय कधीच काढला नाही. तीनदा विचारणारा माणूस एकदाही विचारत नव्हता, आणि ते तिला जास्त लागत होतं. ती माझ्या बाजूनं जाताना मान वळवायची. पुढच्या हिवाळ्यात आजोबांच्या हृदयाचं दुखणं निघालं. विमानप्रवास कायमचा बंद, असं श्रीराम फोन ठेवून म्हणाला, तेव्हा ती जिन्यात उभी होती.

२००८च्या जूनमध्ये ती मालिका पुन्हा लागली. दुसऱ्या भागाच्या शनिवारी आश्लेषा पावणेसातला माझ्यासमोर आली. जूनमध्ये माझी वेळ बरोबरच होती. तरी तिनं माझं घड्याळ फोनशी ताडून पाहिलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग मला चालू केलं आणि आजोबांना फोन लावला. तिकडे रविवारची सकाळ होती. फोनचा स्पीकर चालू असल्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"आजोबा, मी खोटं बोलले होते. मी तो भाग बघितलाच नाही. घड्याळ एक तास मागे होतं. तुम्ही सांगितलं होतं."

"माहीत आहे."

"मग बोलला का नाहीत? पंधरा महिने!"

"आरोपीला वेळ द्यावा लागतो, बेटा."

आश्लेषा पेटलीच. "आणि ती चिठ्ठी? प्रत्येक वेळी नाव लिहायचात. त्याच वेळी का नाही? तुम्हाला आधीच वाटलं होतं ना, ही बघणार नाही म्हणून? यू सेट अ ट्रॅप! नातीसाठी! ही काय पद्धत झाली?"

तेवढ्यात मालिकेचं संगीत सुरू झालं.

"सुरू झालं वाटतं," आजोबा म्हणाले. "मला दिसत नाही. सांग ना काय चाललंय."

डोळे पुसत, निम्मं मराठी आणि निम्मं इंग्रजी, ती सांगत राहिली. इन्स्पेक्टर तंबूत गेला. आता शिंकला. माळी रडतोय. आजोबा मधूनमधून विचारत, "पंच कुठायत?" आणि ती चिडून म्हणायची, "नाहीयेत पंच!" शेवटची पंधरा मिनिटं आली आणि फोन कट झाला. तिनं पुन्हा लावला, लागेना. पुन्हा लावला. लागला तेव्हा इन्स्पेक्टर सायकलवर बसून निघून चालला होता.

"गेलं!" ती ओरडली. "आजोबा, मीपण नाही बघितलं!"

आणि मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी इतक्या भीतीनं टेप कधीच मागे नेली नव्हती. वाटलं, पुन्हा गुलाबच निघाले तर?

"थांब," आजोबा म्हणाले. "आधी चिठ्ठी. मी सांगतो, तू लिहून घे. पाद्र्याची बायको."

तिनं लिहून घेतलं, घडी घातली, माझ्या डोक्यावर ठेवली आणि फोन टीव्हीच्या स्पीकरला लावून धरला. इन्स्पेक्टरनं नाक पुसलं आणि बोट दाखवलं ते निवृत्त मुख्याध्यापिकेकडे. परीक्षक चार वाजताच मेला होता. साडेचार हे फक्त तिच्या तोंडचं होतं, आणि ती कधी चुकत नाही म्हणून कुणी ते तपासलं नव्हतं.

"मुख्याध्यापिका, आजोबा! चुकलात!"

"हो. तिचा जबाब मी तपासलाच नाही. म्हटलं, वय झालेली बाई, बरोबरच सांगत असेल." मग ते म्हणाले, "चुकलो, आशू."

"इट्स ओके, एका खुनात..."

"खुनात चुकलो. चिठ्ठीतही चुकलो."

आश्लेषानं फोन दोन्ही हातांनी धरला. "मीपण चुकले," ती म्हणाली.

तो शब्द दोघांच्याही तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. मी मात्र तेव्हाही काही बोललो नाही. माझ्यावर सव्वाआठ वाजून गेले होते आणि ते अगदी बरोबर होते.

आता डिसेंबर आहे. उद्या शाळेच्या पार्किंगमध्ये जुनी यंत्रं गोळा करणार आहेत. ती टेप आश्लेषानं आधीच काढून होस्टेलवर नेली. माझी वायर गुंडाळून ठेवलीय, हिरवे आकडे विझलेत, म्हणजे आता मला चुकीची वेळ दाखवणंसुद्धा शक्य नाही. उचलून नेणाऱ्यांनो, मला कुणी पुन्हा लावलंच, तर माझ्यावर भरवसा ठेवू नका. माझ्या डोक्यात अजून तो एप्रिलच आहे. मला दरवेळी तपासा, आणि कुणी तीनदा सांगत असेल तर निदान तिसऱ्यांदा तरी बघा.

त्र्यंबक आजोबा, तुम्ही माझ्यासमोर स्वेटर घालून उभे होतात, तेव्हा तुमचं खरं होतं. मी चुकलो.

जबाब वाचून पाहिला. बरोबर आहे.