धुतलेला गोठा

थोरलीच्या गोठ्यात बसून जेवावं, असं लोक म्हणत, आणि कुणी म्हणालं नाही तर ती म्हणायला लावी. सकाळ-संध्याकाळ पाइप घेऊन ती फरशी धुवायची. गव्हाणी बांधलेल्या होत्या, तरी वासरांचा भरडा ती मुद्दाम खाली, ओल्या फरशीवरच ओतायची. आल्यागेल्याने विचारलं की उत्तर तयार असे, "माझी फरशी काही लोकांच्या ताटांपेक्षा स्वच्छ असते." काही लोक म्हणजे धाकटी जाऊ, हे आल्यागेल्यालाही कळे.

धाकटीची वासरं ओढ्यालगतच्या कुरणात मोकळी असायची. ऊन उतरलं की ती कुंपणाशी उभी राहून हाक मारी आणि वासरं पळत येत. थोरलीला यातलं सगळंच खुपायचं. वासरांचे चिखलाचे पाय, धाकटीचे चिखलाचे पाय, आणि एका हाकेत वासरं येतात हे तर फारच. दोघींमधून विस्तव जात नव्हता. नवरे दिवसभर दुधाच्या गाडीवर असत. या लढाईसाठी त्यांनी बायकांना मोकळं रान देऊन ठेवलं होतं.

मधल्यामध्ये सासऱ्याचा जीव जाई. शेवटी एकदा तो ताटावरून उठला.

"रोज उठून तुमची वासरं आणि माझं डोकं," तो म्हणाला. "गुरांच्या डॉक्टरीणबाई दोन्हीकडचं शेण तपासतील. जिच्याकडचं चांगलं निघेल तिने सगळी वासरं सांभाळायची. दुसरीने तोंड मिटायचं."

"चालेल," थोरली म्हणाली. धाकटी ताटं गोळा करू लागली, आणि तेही थोरलीला उद्धटपणाचं वाटलं.

चालेल म्हणायला काय जातं? धुतलेल्या गोठ्यात वासरं एकमेकांना खेटून उभी असत. बरगड्या मोजता याव्यात अशी, शेपट्या घाणीने चिकटलेल्या. अधूनमधून पातळ शेणात रक्ताची रेघ दिसे. थोरली तिच्यावर पाइप धरी आणि रेघ गटारात जाई. जे दिसत नाही ते नाही, एवढं साधं तिचं शास्त्र. पण तपासणीच्या डबीत भरायचं शेण धुता येत नाही, हे ऐन वेळी तिच्या लक्षात आलं. स्वयंपाकघरामागे एक नुकतं जन्मलेलं वासरू बांधलेलं होतं. त्याने अजून गोठ्याचं तोंडही पाहिलं नव्हतं. थोरलीने डबी त्याच्याकडून भरून घेतली आणि वर 'गोठा' असं ठसठशीत लिहिलं.

डॉक्टरीणबाईंनी निकाल सांगितला. कुरणातल्या वासरांत जंत, गोठ्यातलं शेण स्वच्छ. जंत औषधाने जातात, घाबरण्यासारखं काही नाही, असंही त्या म्हणाल्या. पण ते ऐकायला थोरली थांबलीच नव्हती. ती अंगणात जाऊन मोठ्याने म्हणाली, "जंतांची खाण आहे ते कुरण."

औषध पाजून धाकटीची वासरं गोठ्यात आली. शेवटी आली ती टिकली, कपाळावर पांढरा ठिपका असलेली तांबडी कालवड. धाकटी तिचं दावं सोडीना.

"ताई, हिला दाटीची सवय नाही. आणि खायला गव्हाणीत घाला, तेवढं कराल?"

"तू मला शिकवू नकोस," थोरली म्हणाली आणि दावं हिसकावून घेतलं.

महिना भरायच्या आत कुरणातून आलेली वासरं रक्त हगू लागली. थोरली धूत राहिली. पाइप खाली ठेवायला सवड नाही इतकी धूत राहिली. मग एका सकाळी एक गोऱ्हा मेलेला सापडला आणि टिकली उठेना. सासऱ्याने डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं.

त्यांनी टिकलीचे डोळे पाहिले, शेपटी उचलून पाहिली.

"गोठ्यात आधीपासून रक्ती हगवणीची लागण असती तर मी हिला या क्षणी औषध दिलं असतं," त्या म्हणाल्या. "पण इथलं शेण तर स्वच्छ निघालं होतं. कुरणात असताना काही विषारी खाल्लं होतं का यांनी? काही पाला महिन्यानेही बाधतो. शेण तपासून उद्या सांगते. भलतंच औषध गेलं तर ही टिकायची नाही."

धाकटी खाली बसली. टिकलीचं डोकं तिने मांडीवर घेतलं.

"ओढ्याकाठी एक झुडूप आहे," ती म्हणाली. "काढायचं काढायचं म्हणत राहूनच गेलं. ताई, माझ्यामुळे झालं हे. तुमच्या स्वच्छ गोठ्यात मी घाण आणली. मला माफ करा."

लग्न होऊन आल्यापासून थोरली याच शब्दांची वाट बघत होती. ते ऐकून तिला आनंद झाला. खोटं कशाला बोला, चांगला पोटभर झाला. तिने गप्प राहायचं, एवढंच काम होतं. पण डॉक्टरीणबाई पिशवी बंद करत होत्या, आणि टिकली, धाकटीचा आवाज ऐकून, उठायला बघत होती. पुढचे पाय टेकवी आणि घसरे. फरशी ओली होती.

"डबीतलं शेण गोठ्यातलं नव्हतं," थोरली म्हणाली, इतक्या रागाने, की जणू चूक ऐकणाऱ्यांचीच होती. "मागच्या तान्ह्या वासराचं होतं. गोठ्यात रक्त आधीपासून आहे."

डॉक्टरीणबाईंनी पिशवी पुन्हा उघडली. आधी टिकलीला औषध पाजलं, आणि मग मात्र त्यांनी ऐकवायचं काही शिल्लक ठेवलं नाही.

"हा रोग शेणातून पसरतो आणि ओलीत वाढतो. तुम्ही रोज ओल करता, वाळू देत नाही, आणि त्याच ओलीवर भरडा वाढता. हा गोठा आजच्या आज रिकामा करा. सगळी वासरं उघड्यावर, कोरड्या जागी."

"सगळी," सासरा म्हणाला. थोरलीकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

त्याने आणि धाकटीने टिकलीला गोणपाटावर घेऊन बाहेर नेलं. धाकटी परत येऊन दारात उभी राहिली. तिचे हात रक्ताने माखले होते.

"ताई, मघाशी मी माफी मागितली ना, ती परत द्या."

थोरलीने ओल्या फरशीकडे पाहिलं.

"दिली," ती म्हणाली.

धाकटीने मान हलवली आणि वासरांना हाक मारली, रोज कुंपणाशी मारायची तशीच. तिची वासरं निघाली. त्यांच्यामागून थोरलीची वासरंही चाचपडत उठली आणि दाराकडे चालू लागली. निदान आपली तरी थांबवावी म्हणून थोरलीने तोंड उघडलं. पण तिने त्यांना कधी हाक मारलीच नव्हती. काय म्हणून मारायची, तिला सुचेना.