सदतिसावं अक्षर

माझा राग नाकावर असतो, हे प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून त्या सकाळी ताईचा छापून आलेला शोधनिबंध वाचल्यावर मी आधी पेलाभर पाणी प्यायले आणि मगच तिच्या टेबलाशी गेले.

पाच वर्षं मी डबक्यातल्या एका एकपेशी जिवाच्या मागे होते. त्याच्या केंद्रकात रासायनिक अक्षरांच्या माळेसारखा एक इवलासा आरएनए असतो. जनुकाच्या निरोपातला फापटपसारा कापायच्या कामात त्याचा हात असतो. बुरशीपासून माणसापर्यंत त्याची घडी जवळपास तीच. कोट्यवधी वर्षांत कुणी मोडली नाही. आमच्या जिवात मात्र त्या घडीचा देठ आखूड आणि वरचा फास मोठा निघाला. हे पहिल्यांदा मला दिसलं, आणि माझी पदवी त्यावरच उभी होती. कच्चं चित्र मी बघायला दिलं ते फक्त ताईला. ती सख्खी नव्हे, पण मला पिपेट धरायला तिनंच शिकवलं होतं.

तेच चित्र आता छापलेलं होतं. वर तिचं नाव आणि आमच्या सरांचं. माझं आभारातही नाही.

"अगं, जीव एकच, मग अक्षरंही तीच येणार," ताई मान वर न करता म्हणाली. "तू वाचलीस, मीही वाचली."

"बरोबर वाचलेली अक्षरं तीच येतील, चुकलेलं कसं येईल? सदतिसावं बघ ना."

फासातलं ते अक्षर मला पहिल्यांदा नीट लागलं नव्हतं. अडायला नको म्हणून मी त्या कच्च्या चित्रात पेन्सिलीनं अंदाजे 'यू' लिहून ठेवला. पुढे तीनदा वाचलं. तिथे 'सी' आहे. तिच्या चित्रात 'यू' होता. दोन जिवांत नेमकी तीच चूक सापडली, की ती एकाच मुळातून आली असं आम्ही धरतो. हेही तिनंच शिकवलेलं.

ताईचा चेहरा उतरला. केसानं गळा कापणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं, आणि रागाऐवजी रडूच आलं.

तशीच तडक सरांकडे गेले. छापलेलं चित्र आणि माझी वही शेजारी शेजारी ठेवली. सरांनी चष्मा चढवून तिन्ही वाचनं तपासली, बराच वेळ. मला वाटलं, आता तरी.

"बरं झालं दाखवलंस," ते म्हणाले. "ताईला दुरुस्ती पाठवायला सांगतो. वही इथंच ठेवून जा."